दर दुसरं पान उलटं

खरांगणा मागे पडलं तेव्हा ज्योत्स्नाबाईंच्या लक्षात आलं, की भैय्याजी पुन्हा गायब आहेत.

नवरात्रातली ही पायी वाट. आंजीहून पहाटे निघायचं आणि महाकाळीच्या धरणाजवळच्या देवीच्या देवळात दुपारच्या पोथीला पोचायचं. बायका अनवाणी, तोंडात नाम. एकदा पाऊल उचललं की मागे वळून बघायचं नाही, अशी पद्धत. पण भैय्याजी सोबत असले की वळावंच लागतं, कारण हा माणूस रस्त्यानं सरळ चालतच नाही. जिथं दोन माणसं बसलेली दिसतील तिथं त्याचे पाय अडकतात.

ज्योत्स्नाबाई परत फिरल्या. भैय्याजी डांबरी रस्त्याच्या कडेला, वाळत घातलेल्या सोयाबीनजवळ उभे होते. फावडं घेऊन दाणा हलवणाऱ्या माणसाला त्यांनी कामातून उठवलं होतं आणि शबनम पिशवीतून ते यंत्र बाहेर काढलं होतं. पाटीएवढं, करड्या रंगाचं, एका कोपऱ्यात चीर गेलेलं.

"तुमचा मोबाइल काढा बरं," भैय्याजी त्याला म्हणत होते. "काढा नं. आता उन्हात धरा याच्या बाजूले. काय दिसते मोबाइलमंधी?"

"मीच दिसून राह्यलो," तो माणूस म्हणाला.

"तुम्ही दिसता. अन् यात?"

"यात अक्षर आहे."

"झालं तर मंग. मोबाइल उन्हात आरसा होते. हा पडदा कागदच राह्यते. याच्यात उजेड नाई, शाई आहे. डोळ्याले टोचत नाई."

"केवढ्याले पडलं?"

"यंत्र पोरीचं आहे, जुनं. पण आतमंधला वाचाचा प्रोग्राम फुकट."

"म्हणजे पहिले फुकट, मंग पैसे?"

"पहिलेही फुकट, मंगही फुकट."

त्या माणसानं भैय्याजींकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं. मग फावडं उचललं आणि सोयाबीनची दुसरी बाजू हलवायला निघून गेला.

"भैय्याजी," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "देवी वाट पाहून राह्यली."

"देवीले घाई नाई वयनी. तुम्हाले आहे."

पण ते निघाले. निघताना यंत्र सुती रुमालात गुंडाळलं, रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी शबनममध्ये ठेवली आणि शबनम छातीशी धरली. नातवाला कधी त्यांनी एवढं जपून धरलं नव्हतं, असं सुलोचनाबाई म्हणतात. सुलोचनाबाई म्हणजे त्यांच्या घरच्या. त्या आज पायी नव्हत्या. डोळ्यांमुळे त्यांना रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही, म्हणून पोथीच्या मंडळातल्या म्हाताऱ्या बायांसोबत त्या ऑटोनं येणार होत्या. दुपारची पोथी त्याच वाचणार होत्या. म्हणजे, वाचणार की नाही, हेच अजून पक्कं नव्हतं. भैय्याजी वाटेत माणसं गाठत होते ते मुळात याच धास्तीपायी, हे ज्योत्स्नाबाईंना दिसत होतं. हा माणूस घाबरला की गप्प बसत नाही, माल दाखवायला लागतो.

भैय्याजींचं आंजीला किराणा दुकान आहे, मारोतीच्या देवळासमोर. थोडे खिळे, दोरखंड, बादल्याही ठेवतात. दुकान वडिलांपासूनचं, पण भैय्याजींचा जीव विकण्यात कधीच नव्हता. त्यांचा जीव बसवण्यात. कोणी घड्याळ सावकाश चालतं म्हणालं, की गिऱ्हाईक ताटकळत उभं ठेवून भैय्याजी घड्याळ उघडणार. त्यांच्या घरातलं शिलाई मशीन, पंखा, पाण्याचा नळ, देवघरातली समई, सगळं त्यांनी एकदा तरी खोलून परत जोडलेलं आहे. समईत खोलण्यासारखं काय असतं, हे देवालाच ठाऊक.

मोठी मुलगी सपना नागपूरला असते. तिनं नवं वाचनयंत्र घेतलं आणि हे जुनं बाबांना दिलं, की बाबांचा फावला वेळ पुस्तकं वाचण्यात जाईल. भैय्याजींनी त्यावर एकही पुस्तक वाचलं नाही. त्यांनी आधी त्यातला प्रोग्राम बदलला. मूळचा प्रोग्राम कंपनीचा होता. तो आपल्या मनासारखं काही करू देत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग कुठूनसा त्यांना दुसरा सापडला. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून केलेला, कोणाच्याच मालकीचा नसलेला, आणि आतली सगळी कारागिरी उघडी ठेवलेला. ज्याला समजतं त्यानं आत जावं, बदल करावा, चांगला झाला तर सगळ्यांना द्यावा. ओपन सोर्स म्हणतात त्याला.

दुकानदार माणसाला हे पचायला जड गेलं. कितीतरी दिवस गल्ल्यावर बसून ते एकच विचारायचे. "फुकट देतात, मंग खातात काय? अन् फुकटच द्याचं आहे तं एवढं चांगलं काऊन बनवतात?"

शेवटी त्याचं उत्तर त्यांना देवळात मिळालं, महाप्रसादाच्या पंगतीत. "पाहा वयनी," ते ज्योत्स्नाबाईंना म्हणाले, "इथं कोणी कणीक आणली, कोणी भाजी चिरली, कोणी वाढून राह्यलं. भट्टी उघड्यावर आहे. मीठ कमी वाटलं तं तुम्ही जाऊन टाकू शकता. मालक कोणी नाई अन् उपाशी कोणी जात नाई. तसंच आहे ते."

"मंग तुम्ही काय टाकलं त्यात?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"मी सध्या चाखून राह्यलो."

चाखणंच ते. त्या प्रोग्राममध्ये इतक्या गोष्टी बदलता येतात, की भैय्याजींना स्वर्ग मिळाला. अक्षर मोठं करा, बारीक करा, जाड करा. दोन ओळींत अंतर वाढवा. कडेची कोरी जागा कापून टाका. बोट कुठं टेकवलं की काय व्हावं, तेही आपणच ठरवा. रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ते बसायचे आणि कुठल्याशा पुस्तकाचं पहिलंच पान निरनिराळ्या तऱ्हेनं सजवायचे. दुसऱ्या पानावर ते कधी गेलेच नाहीत. सुलोचनाबाई ताक घेऊन यायच्या, मागून बघायच्या आणि म्हणायच्या, "नुसती चूल सारवून राह्यला हा माणूस. सैपाक काई होत नाई."

असं चाललं होतं. गंमतच होती सगळी. पण मागच्या नवरात्रात सुलोचनाबाई पाटावर अडल्या.

मंडळाची पोथी त्या लग्न होऊन आल्यापासून वाचतात. देवीच्या माहात्म्याची ती पोथी भैय्याजींच्या आजीची, आडव्या सुट्या पानांची, लाल कापडात बांधलेली. सुलोचनाबाईंनी ओव्या वाचायच्या आणि बाजूला बसून ज्योत्स्नाबाईंनी अर्थ सांगायचा, ही जोडी कित्येक वर्षांची. सुलोचनाबाईंचा आवाज काही गोड नाही. थोडा घोगराच आहे. पण त्या वाचायला लागल्या की रांगती पोरंसुद्धा आईच्या मांडीवर येऊन बसतात.

पोथीचा एक नियम असतो. हाती घेतलेला अध्याय मध्ये सोडायचा नाही. मागच्या वर्षी अर्ध्या अध्यायात त्यांची ओळ हरवली. पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, समई पुढे ओढली, तरी सापडेना. शेवटी ज्योत्स्नाबाईंनी पान हातात घेऊन अध्याय पुरा केला, आणि इतका अडखळत केला, की देवीनंच पोटात घातला असेल. सुलोचनाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. नंतर सावंगीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की साखरेनं डोळ्याचा आतला पडदा खराब झाला आहे. इंजेक्शनं देऊ, आहे तेवढं टिकवू.

घरी आल्यावर सुलोचनाबाईंनी पोथी कापडात बांधली आणि देवघरात वरच्या फळीवर ठेवून दिली. तेव्हापासून भैय्याजींनी ते यंत्र खेळणं म्हणून हातात घेतलं नाही.

विचार साधा होता. पोथीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढायचा, त्यांची एक फाइल करायची, आणि प्रोग्रामला सांगून अक्षर हवं तेवढं मोठं करायचं. दुपारी दुकानात, ट्यूबलाइटखाली, वजनकाट्याच्या पाट्यावर एकेक पान ठेवून त्यांनी मोबाइलनं फोटो काढले. कोणाला हात लावू दिला नाही. सगळं लक्ष पानाच्या चार कोपऱ्यांवर, की कोपरा कापला जायला नको.

फाइल यंत्रात घातली आणि उघडली. पहिलं पान छान. दुसरं पान खाली डोकं वर पाय. तिसरं छान. चौथं पुन्हा उलटं. सगळी पोथी तशीच, एक सुलट, एक उलट. प्रोग्रामला म्हणावं फिरव, तर तो सगळीच पानं फिरवी. उलटं सुलट होई, आणि सुलट होतं ते उलट.

भैय्याजींनी ठरवलं की प्रोग्राम बिघडला आहे. आणि भट्टी जर उघड्यावर आहे, तर आचाऱ्याला जाऊन सांगायला हरकत काय? त्या लोकांची एक जागा आहे, जिथं जगातलं कोणीही आपली अडचण लिहितं आणि सगळ्यांना ती दिसते. तिथं बाकीची माणसं दोन ओळी लिहितात. भैय्याजींनी मराठीत पत्र लिहिलं. वर मधोमध श्री. खाली सप्रेम नमस्कार विनंती विशेष. मग मुक्काम पोस्ट आंजी मोठी, मारोतीच्या देवळासमोर. मग मजकूर, की आपला प्रोग्राम उत्तम आहे, परंतु आमच्या घरच्या पोथीचे दर दुसरे पान डोक्यावर उभे राहते, तरी आपण जातीने लक्ष घालावे. शेवटी, कधी इकडे येणे झाल्यास घरी चहाला यावे, सोमवारी दुकान बंद असते.

हे पत्र त्यांनी पाठवण्याआधी ज्योत्स्नाबाईंना वाचून दाखवलं होतं. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "सोमवारचं कायले लिहिलं?"

"अन् ते सोमवारी आले तं?"

उत्तर आलं. ज्याचं आलं त्याचं नाव दोघांनाही उच्चारता येईना. मराठी भाषांतर संगणकाकडून करून घेतलेलं होतं. प्रिय भैय्याजी, तुमच्या त्रासाबद्दल आम्ही क्षमस्व आहोत. कृपया तुमची फाइल जोडा. चहासाठी धन्यवाद.

आता पोथी परक्या माणसाला पाठवायची म्हणजे घरात विचारायला हवं. भैय्याजी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. सुलोचनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पाठवा. देवीचं नाव आहे, कोठीही गेलं तरी चांगलंच. पण पहिले हात धुवा."

भैय्याजींनी हात धुऊन फाइल पाठवली.

दुसरं उत्तर आलं त्या दिवशी ज्योत्स्नाबाई तिथंच होत्या. सुलोचनाबाईंसोबत ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होत्या. भैय्याजी तणतणत आत आले.

"म्हणते, प्रोग्राम बरोबर आहे. म्हणते, फोटो काढतानाच पान उलटं ठेवलं असन. तिकडं सातासमुद्रापार बसून मले सांगते. आमच्या घरची पोथी."

सुलोचनाबाईंनी शेंग बाजूला ठेवली. "तुम्ही कसं उलटवलं पान? दाखवा बरं."

भैय्याजींनी वर्तमानपत्राचा तुकडा उचलला, आडवा धरला, उजव्या बाजूनं पकडला आणि डावीकडे पलटला. दुकानातलं बिलबुक पलटतात तसा.

सुलोचनाबाई त्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांना अक्षर दिसत नव्हतं, पण हात स्पष्ट दिसला असावा. त्या हसायला लागल्या. आधी बारीक, मग पदर तोंडाला लावून, मग भिंतीला टेकून.

"अवो, पोथीचं पान बाजूनं नाई उलटवत. खालून धरून वर नेतात. मागची बाजू तशीच छापली राह्यते." त्यांनी हातानं करून दाखवलं, हवेतच, खालून वर. "लग्न झाल्यापासून पोथीले बसून राह्यले नं तुम्ही? एकदाही पाह्यलं नाई?"

"मी ऐकाले बसतो," भैय्याजी म्हणाले. "पाहाले नाई बसत."

"पाठीमागं खांबाले टेकून बसतात," सुलोचनाबाई ज्योत्स्नाबाईंना म्हणाल्या. "ऐकतात का झोपतात, ते खांबालेच माहीत."

त्या घरात बऱ्याच महिन्यांनी एवढं हसणं झालं. ज्योत्स्नाबाईंनी मनातल्या मनात देवीला हात जोडले. चूकही कधी कधी प्रसादासारखी येते.

भैय्याजींनी त्या लोकांना दुसरं पत्र लिहिलं. चूक आमचीच आहे, प्रोग्राम निर्दोष आहे, सौ. यांनी दोष दाखवून दिला. तिकडून उत्तर आलं, की सौ. यांना आमचाही नमस्कार सांगा.

मग दुसऱ्यांदा फोटो निघाले. या वेळी पानं सुलोचनाबाईंनी उलटली आणि भैय्याजींनी फक्त मोबाइल धरला. सगळी पानं सुलट आली, पण प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा आणि हिरव्या बांगडीचा तुकडा. प्रोग्राम आपणहून कडेची कोरी जागा कापतो, पण अंगठ्यालाही तो मजकूर समजायचा आणि तेवढी जागा राखून ठेवायचा. "तुहा अंगठा वाचून राह्यला तो," असं म्हणत भैय्याजी बसले एकेक पान हातानं कापत. पुन्हा फोटो काढू, असं सुलोचनाबाई म्हणाल्या, तर नको म्हणाले.

पहिल्यांदा यंत्र हातात दिलं तेव्हा सुलोचनाबाईंनी ते जवळजवळ कणकेच्या परातीत टाकलं होतं. या शाईच्या पडद्याची खोड असते. काही पानं उलटली की तो एकदा सगळा काळा होतो आणि स्वतःला पुसून काढतो. सुलोचनाबाईंना वाटलं, पोथीच विझली. भैय्याजींनी ती पुसण्याची खोड बंद केली. आता मागच्या पानाची अक्षरं पुढच्या पानाखाली पुसटशी राहतात. ते मात्र सुलोचनाबाईंना आवडलं. जुन्या पातळ कागदातून पलीकडची शाई दिसते तसंच दिसतं, म्हणाल्या.

तरी पाटावर बसायला त्या तयार नव्हत्या. घरी वाचणं वेगळं, आणि देवीसमोर, चार गावच्या बायांसमोर वाचणं वेगळं. शिवाय यंत्राला हळदकुंकू कसं लावायचं? पोथी बंद ठेवून पोथी वाचायची, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

"काल राती काय म्हणे माहीत आहे?" भैय्याजी आता चालता चालता ज्योत्स्नाबाईंना सांगत होते. धरणाची भिंत लांबून दिसायला लागली होती. दोन्ही अंगांना कपाशी, काही बोंडं नुकती उकललेली. "म्हणे, पाह्यतो बसून. पण यावेळी अडले तं पाटाले शेवटचा नमस्कार. मंग मले कोणी म्हणू नका."

सुलोचनाबाई असं म्हणाल्या असतील तर तसंच करतील, हे ज्योत्स्नाबाईंना ठाऊक होतं. आणि मग पाट आपल्याकडे येईल, याची त्यांना सगळ्यात जास्त भीती होती.

"म्हणून म्हणतो वयनी, नीट ऐकून ठेवा. मी पुरुषांच्या बाजूले असन, मले येता येणार नाई. वरच्या बाजूले बोट लागलं तं मेनू पडते. तो घालवाले..."

भैय्याजी बोलत राहिले. ज्योत्स्नाबाईंनी नामाला सुरुवात केली. त्यांचा एक कान देवीकडे आणि एक कान भैय्याजींकडे होता, आणि देवीकडचा कान जरा जास्त उघडा होता.

देवळात पोचले तेव्हा मांडवात सतरंज्या पडल्या होत्या. सुलोचनाबाई आधीच आल्या होत्या, अबोली रंगाच्या लुगड्यात, पाटाजवळ नाही तर खांबाच्या आडोशाला. चौरंगावर लाल कापड सोडून पोथी ठेवलेली होती. हळदकुंकवाचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला होता, तोही ऑटोमध्ये बसल्या बसल्या.

"पोथी उघडीच राहीन," त्या ज्योत्स्नाबाईंना म्हणाल्या. "कुंकू तिले, फूल तिले. मी यात वाचीन अन् पोथीतलं एक पान पुरं झालं की तू खरं पान उलटव. म्हणजे देवीले वाटणार नाई आपल्याले फसवलं."

"देवी एवढ्यानं फसते थोडी, बाई."

"तरी बी."

त्या पाटावर बसल्या. यंत्र मांडीवर घेतलं. बायांमध्ये कुजबुज झाली. अल्लीपूरकडून आलेल्या एका बाईनं मोठ्यानं विचारलंसुद्धा, की पोथी सोडून ही बाई मोबाइल कायले घेऊन बसली. सुलोचनाबाईंनी नमस्कार केला, डोळे मिटले, उघडले, आणि वाचायला लागल्या.

आवाज आधी कापत होता. अर्ध्या पानावर तो सापडला. पडद्यावरचं संपलं तसं त्यांनी बोट पडद्याच्या खालच्या कडेला ठेवलं आणि वर नेलं. खालून वर, जसं पान उलटतात तसं. पान उलटलं. घरी सराव चालायचा तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी हे बघितलं नव्हतं. सगळे या यंत्राला बाजूनं बोट लावतात, सपनासुद्धा. पुरुषांच्या बाजूला भैय्याजी आज खांबाला टेकलेले नव्हते. गुडघ्यावर उभे राहिल्यासारखे बसले होते आणि बायकोच्या हाताकडे बघत होते. पोथीतलं पान पुरं झालं तसं ज्योत्स्नाबाईंनी ते उलटलं आणि अर्थ सांगायला सुरुवात केली.

अध्यायाच्या मध्यावर, मागच्या वर्षी जिथं अडल्या त्याच्या आसपासच, सुलोचनाबाईंचं मनगट पडद्याच्या वरच्या कडेला लागलं. ओव्यांवर एक पाटी येऊन पडली. बारीक बारीक अक्षरांची, खुणांची. सुलोचनाबाई थांबल्या. मांडव थांबला. पलीकडे भैय्याजी अर्धे उठले, आणि बाजूच्या म्हाताऱ्यानं त्यांना धोतर धरून खाली बसवलं.

ज्योत्स्नाबाईंना आठवेना. वाटेत सांगितलं होतं ते नामातच राहिलं. त्यांनी हात पुढे करून पाटीवर बोट टेकवलं, तशी आणखी एक पाटी उघडली.

आणि तेवढ्यात सुलोचनाबाईंनी पुढची ओवी म्हटली. यंत्राकडे न बघता, देवीकडे बघत. त्याच्या पुढची म्हटली. त्याच्या पुढची. मागच्या वर्षीही त्यांना ती पाठ असणारच. पण तेव्हा त्या अक्षर शोधत होत्या, आणि शोधणारा माणूस पाठ असलेलंही विसरतो. आता अक्षर कुठं जाणार नाही, पाटीच्या मागे आहेच, हे त्यांना माहीत होतं. ज्योत्स्नाबाईंनी घाबरत घाबरत पडद्याच्या खालच्या भागात बोट टेकवलं. एक पाटी गेली. पुन्हा टेकवलं. दुसरी गेली. पान होतं तिथंच होतं. सुलोचनाबाईंनी नजर खाली आणली, म्हणून झालेल्या ओव्या बोटानं पुढे ढकलल्या, ओळ पकडली, आणि अध्याय शेवटापर्यंत नेला.

आरती झाली. बाया पाया पडायला आल्या. अल्लीपूरची ती बाई यंत्राच्या पाया पडली आणि म्हणाली, आमच्या मंडळातल्या बाईलेही असंच लागते, कोठी भेटते? भैय्याजी पुढे आले, छाती काढून. त्यांचं तोंड उघडायच्या आत सुलोचनाबाई म्हणाल्या, "बरं आहे यंत्र. घरच्या माणसापेक्षा कमी बोलते."

प्रसाद घेतला. ऑटोवाला घाई करत होता. सुलोचनाबाई चढल्या, पोथी मांडीवर, यंत्र पोथीवर. "तुम्ही दोघं मागून या," म्हणाल्या. "अन् यांले वाटेत कोणासोबत बोलू देऊ नको, ज्योत्स्ना. नाई तं दिवाळीलेच पोचान."

ऑटो गेला. धरणाच्या भिंतीजवळ जरा वारा होता. ज्योत्स्नाबाई दगडावर बसल्या, तळवे पुसले. त्यांना वाटलं, आता हा माणूस प्रोग्रामचं पुराण सुरू करणार, आणि आज ते ऐकून घ्यायला हरकत नाही. पण भैय्याजी पाण्याकडे बघत बसले. रिकामी शबनम मांडीवर होती.

"जमलं नं भैय्याजी," त्या म्हणाल्या.

"जमलं," ते म्हणाले. "वयनी, अक्षर वाढवाचं काम माह्याजवळ आहे. ती नाई वाढवत, मीच रोज सकाळी लावून देतो. तिले वाटते, श्रावणात होतं तेवढंच आहे."

ज्योत्स्नाबाई त्यांच्याकडे बघू लागल्या.

"तेवढं नाई राह्यलं. श्रावणात पडद्यावर पुरी ओवी मावे. आता दोन ओळी मावतात. मी थोडं थोडं वाढवत गेलो, तिले कळू नाई दिलं. पण पडदा काई वाढत नाई नं. एक दिवस एकच शब्द मावन. मंग काय बसवू?"

रस्त्यावरून आर्वीची एसटी गेली.

"तुम्हाले माहीत आहे, मी वाचणारा माणूस नाई. एवढ्या दिवसांत मी त्या पोथीची एक ओवी धड वाचली नाई, नुसते कोपरे कापत बसलो. पण बायांनी बसू दिलं, अन् बाजूले बसून कोणी हळू सांगितलं, तं ती मोठ्यानं म्हणन. आवाज तिचाच राहीन. पाटही तिचाच राहीन." त्यांनी शबनमची घडी घातली, मोडली, परत घातली. "दुपारी दुकान बंद राह्यते. ती तवा झोपते. तुम्ही येत जा. मी वाचीन, चुकलो तिथं थांबवजा. मले पोथी वाचाले शिकवा वयनी. अन् तिले आत्ताच सांगू नका."